पंचवीस फूट अलीकडे

अन्याय कोणावर झाला ते आधी. आमच्या चाळीच्या मागच्या नऊ खोल्यांतल्या नऊ कुटुंबांवर, आणि अर्जुन धोंडू सकपाळ या कुंपण घालणाऱ्या माणसावर. कधी झाला तेही लिहून ठेवते. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नव्या इमारतीत घर कोणाला मिळणार ते ठरवणाऱ्या पात्रतेच्या सुनावणीत. सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याकडेच बघत होते, कारण साहेबांकडे बघितलं असतं तर काहीतरी बोलले असते आणि आमची सुनावणी तिथेच आटोपली असती. अकरा दहाला साहेब म्हणाले, "तुम्ही बाधित नाही. उठा." सकपाळ, म्हणजे आमचे तात्या, उठले. उठल्यावर खुर्ची उचलून नीट टेबलाशी लावली, आणि बाहेर आले.

तात्या आता नाहीत. त्यांच्यावर लिहायला बसले तर हात आपोआप 'जाहीर निषेध'कडे जातो. परळच्या त्या चाळीत मी वाढले, आणि कॉलेजात असल्यापासून तिच्या समितीची पत्रकं मीच लिहिते. दुसरं काही लिहायची सवय नाही. तात्यांना माझी पत्रकं आवडायची नाहीत. प्रत्येक पत्रक ते पूर्ण वाचायचे, जिन्याच्या पायरीवर बसून, ओठ हलवत. मग म्हणायचे, "बाय, ह्यात निषेध चारदा आलाय. एकच खांब चारदा ठोकला म्हणून मजबूत होत नाय गो. फुटतो." तेव्हा या लिखाणात तो शब्द पुन्हा येणार नाही.

बुटका माणूस. खांदे रुंद, मान जवळजवळ नाहीच. बोटांची टोकं चपटी झालेली, जशी वर्षानुवर्षं कोणी हातोडीखाली धरली असावीत. पांढरा शर्ट, त्याची एकच बाही दुमडलेली, उजवी. खांद्याला खाकी पिशवी. तिच्यात खांब सरळ आहे का ते बघायचा ओळंबा असायचा आणि तो ओळंबा नातवाच्या जुन्या मोज्यात घालून ठेवलेला. पितळेच्या टोकाला पोचा पडला तर तो लंबात लटकत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं मला ठाऊक नाही. गिरणीत बदली कामगार होते, गिरणी बंद पडली, मग हा धंदा धरला. एवढीच त्यांची पूर्वकथा त्यांनी कधी सांगितली आणि तेवढीच मी सांगणार आहे.

कुंपण घालणं म्हणजे लोकांना वाटतं खड्डा खणा, खांब ठेवा, तार ओढा. तात्यांचं अर्धं काम खड्ड्याच्या आधीच व्हायचं. जागेवर गेले की पहिल्यांदा चपला काढायचे. देवळात गेल्यासारखे नव्हे, आमच्यात देवळंबिवळं नाहीत. पायाखाली जमीन दबते किती ते बघायला. मग पहारेने चार ठिकाणी टोचायचे आणि आवाज ऐकायचे. मग मूठभर माती घ्यायची, पाणी घालून मळायची, हातावर तिची वात वळायची. वात न तुटता वळली तर माती चिकट, पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार, आणि खांबाला ढकलणार. मोडली तर वाळू जास्त, खांब धरणार नाही. आणि शेवटी, माझ्या आईला ज्याची शिसारी यायची ती गोष्ट. चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि थुंकायचे.

"खारी आहे," म्हणायचे. "साधं लोखंड तीन पावसाळेसुद्धा काढणार नाय."

"तात्या, लोक काय म्हणतील?" मी विचारायचे.

"लोकांना खांब हवाय उभा. माझी जीभ त्यांना कशाला?"

त्यांच्या खोलीत पोटमाळ्याच्या कडेला काचेच्या बरण्या ओळीने होत्या. लोणच्याच्या, कॉफीच्या, एक-दोन औषधाच्या. प्रत्येकीत माती आणि पाणी. हलवून ठेवलं की वाळू तळाशी बसते, चिकणमाती वर तरंगत राहते. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी, तिच्यावर गावाचं नाव. कर्जत. मुरबाड. अलिबाग. पण निम्म्या बरण्या मुंबईच्याच. तात्यांना ही मुंबई स्टेशनांच्या नावांनी ठाऊक नव्हती, खालून ठाऊक होती. शीवला कातळ, खड्डा पडता पडत नाही. माहीमला खाडीचा गाळ, खांब स्वतःच आत जातो. गिरगावच्या वाड्यांत वाळू. लालबागला गिरण्यांची राख आणि जळका कोळसा, वरून कडक, आतून पोकळ. भायखळ्याबद्दल म्हणायचे, "तिथं खाली माती नाय. कुणाची तरी मोडलेली घरं आहेत. खणलं की कपबशीचे तुकडे, कौलं, एकदा तर अख्खी पाटावरवंट्याची जोडी." गणपतीच्या मंडपाचे खांब रोवायच्या आधी मंडळाची मुलं वर यायची. तात्या बौद्ध, गणपतीचं त्यांना काही नाही. पण खड्डे बघायला जायचे. "तुमचा बाप्पा पडला तर माणसांवरच पडेल ना," म्हणायचे. मुलं हसायची आणि सांगितलं तसं करायची.

खांब मरतो कुठे, हे त्यांचं आवडतं व्याख्यान. वर हवा असते, खाली चिखल असतो, दोन्हीत लोखंड टिकतं. मरतो तो मातीच्या तोंडाशी, मधल्या चार बोटांत, जिथं पाणी थांबतं. म्हणून ते प्रत्येक खांबाच्या बुडाशी काँक्रीटची उतरती कॉलर करायचे, टोपीसारखी, म्हणजे पाणी बाहेर वाहून जाईल. त्या कॉलरवर ओला हात फिरवून ती गुळगुळीत करताना तात्या कुणाशी बोलायचे नाहीत.

मुंबईत कुंपणं घालणारे पुष्कळ. तात्यांना लोक शोधत यायचे ते शेतांसाठी, म्हणजे शहरातल्या लोकांनी बाहेर घेतलेल्या शेतांसाठी. एकदा मी त्यांच्याबरोबर कर्जतच्या पुढे गेले होते. तिथल्या वाडीवर पत्रक काढायचं होतं, तात्यांचं काम त्याच वाटेवर. मालक दादरचे, निवृत्त, टोपी घातलेले, सज्जन वाटणारे. जमिनीतून एक पायवाट जात होती. वाडीवरच्या कातकरी बाया तिने विहिरीवर जायच्या. तात्यांनी दोरी आखली आणि पायवाटेपाशी येऊन थांबले. तिथं दोन खांब एकमेकांसमोर न घेता मागेपुढे घेतले. मधून माणूस वळून जाईल, गुरं जाणार नाहीत अशी वाट.

मालक म्हणाले, "सकपाळ, ही फट कसली?"

"वाट आहे साहेब."

"वाट बंद करायलाच कुंपण घालतोय ना आपण?"

"गुरं आत येऊ नयेत म्हणून घालतोय असं तुम्ही सांगितलंत."

"हो, पण बायका रोज इथून..."

"बायका गुरं नाहीत."

हे त्यांनी अजिबात आवाज न चढवता सांगितलं, दोरीची गाठ आवळत. मालक म्हणाले की ठीक आहे, पण खालची तार काटेरी लावा. तात्या म्हणाले, खालची तार मी काटेरी लावत नाही, ससा, वासरू, पोर, कोणी अडकतं. मालकांनी दुसरा माणूस आणायची धमकी दिली. तात्या म्हणाले, "आणा की. खड्डे मी खणलेत, ते त्याला फुकट." दुसरा माणूस आला नाही. तिथली जमीन कशी आहे हे फक्त तात्यांनाच कळलं होतं.

त्याच दिवशी मी त्यांची दुसरी रीत पाहिली. एका बाजूला ओढ्याचा काठ खचत होता. तिथं हद्दीवर खांब रोवला असता तर पहिल्याच पावसात ओढ्यात गेला असता. म्हणून तात्यांनी कुंपण सहा फूट आत घेतलं, पक्क्या मुरमावर. पण तसं करण्याआधी शेजारच्या शेतकऱ्याला बोलावलं, मालकांना बोलावलं, आणि दोघांसमोर खऱ्या हद्दीवर दगड पुरला. वर चुना लावला. "कुंपण इथं आहे ते मातीमुळे," दोघांना म्हणाले. "हद्द तिथं आहे. उद्या कोणी विचारलं तर दोघांनी हेच सांगायचं." शेतकरी म्हणाला, "आम्हाला ठाव हाय की." तात्या म्हणाले, "तुम्हाला ठाव हाय. तुमच्या नातवाला दगड सांगेल."

असा दगड त्यांनी प्रत्येक ठिकाणी पुरला. मुरबाडला, अलिबागला, कुठे कुठे. एका जागी पुरला नाही.

आमची चाळ तीन मजली. पुढे रस्ता, मागे पटांगण. पटांगणाच्या मागे कच्चा रस्ता, त्याच्या पलीकडे एका ओळीत नऊ बैठ्या खोल्या, आणि खोल्यांच्या पाठीला नाला. चाळीची हद्द नाल्यापर्यंत. ही गोष्ट चाळीत जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक. नऊ खोल्यांतले लोक आमचेच, भाडं त्याच मालकाला भरणारे, नळ तोच, जयंतीची मिरवणूक त्यांच्या दारातून सुरू व्हायची. मी सातवीत असताना त्या कच्च्या रस्त्याने ट्रक येऊन पटांगणात राडारोडा टाकू लागले. कुठल्या तरी पाडलेल्या इमारतींचा. पोरांना खेळायला जागा उरेना. समितीने ठरवलं, कुंपण घालायचं. घालणार कोण हा प्रश्नच नव्हता.

खरं कुंपण हद्दीवर, नाल्याच्या काठाने, खोल्यांच्या मागून जायला हवं होतं. तात्यांनी तिथं पहार टोचली. दीड हातावर काळा गाळ लागला, कुजक्या अंड्यासारखा वास, आणि पाणी. तिथं खांब उभा राहिला नसताच. पण त्याहून वाईट, खोल्यांच्या भिंती त्याच गाळावर बसलेल्या. पाठीशी तीन-तीन फुटांचे खड्डे खणले असते तर भिंतींना भेगा पडल्या असत्या. म्हणून तात्यांनी कुंपण अलीकडे घेतलं. कच्च्या रस्त्याच्याही अलीकडे, पटांगणाच्या कडेला, जिथं गिरणीच्या काळचा मुरूम घट्ट बसलेला होता. नाल्यापासून पंचवीस फूट अलीकडे. खोल्यांतल्या लोकांसाठी मधोमध वाट ठेवली. तिला फाटक नाही, फक्त ट्रक जाणार नाही इतकी माफक.

शेवंताक्का चार नंबरच्या खोलीत राहायच्या. तेव्हाच सत्तरीच्या. दारात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "काय रे अर्जुना, आम्हाला भायेर काढलंस?"

तात्या म्हणाले, "भायेर नाय आक्का. तुझी भिंत वाचवली."

"मग ठीक. पण मला चहाला बोलवायचं असलं तर कुंपणावरून हाक मार, मला ऐकू कमी येतं."

पटांगणभर लोक हसले. मीही हसले. दगड पुरायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तात्यांच्याही नाही. परक्याच्या शेतात साक्ष लागते, आपल्या दारात कशाला? नंतर मी त्यांना हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्यातल्या आपल्यात दगड पुरायचा म्हणजे संशय घेतल्यासारखं झालं असतं गो."

कुंपण सुंदर झालं होतं. हे मी रागाने लिहिते. बाकी चाळींची कुंपणं वाकडी, गंजलेली, कोणाच्या तरी पलंगाच्या पट्ट्या आणि जुन्या दारांची. आमचं एका रेषेत, गॅल्वनाइज्ड पाईपांचं, प्रत्येक पाईप ओळंब्यात, प्रत्येकाला कॉलर. कोपऱ्याच्या खांबांना आतून टेकू. बारा-तेरा पावसाळे गेले, एक खांब हलला नाही.

मग पुनर्विकास आला. बिल्डरचे बोर्ड लागले, सगळ्यांनी सह्या केल्या. नऊ खोल्यांनी तर आधी केल्या. मोजणीवाला आला. तिपाईवर ठेवायचं यंत्र होतं, पण वर आरसा लावलेली काठी धरायला जो माणूस येणार होता तो आला नाही. मोजणीवाला वैतागला होता. तात्या पटांगणात होते. म्हणाले, मी धरतो. मोजणीवाला म्हणाला, "सरळ धरता येईल? हलली तर सगळं चुकतं." तात्या हसले.

खांबामागून खांब ते चालत गेले. प्रत्येक खांबाशी काठी टेकवायची आणि श्वास धरून उभं राहायचं. मी गॅलरीतून बघत होते. मोजणीवाला यंत्रातून बघून म्हणाला, "वा काका, तुमच्याएवढी सरळ काठी आमचा माणूससुद्धा धरत नाही." मग कुंपणाकडे बघून म्हणाला, "हे सरकारी काम दिसतंय. लोक स्वतः असं घालत नाहीत."

तात्यांनी वर बघून मला हाक मारली. "ऐकलंस काय गो बाय? सरकारी वाटतं म्हणतो."

कुंपण त्यांनीच घातलं हे त्यांनी त्याला सांगितलं नाही. लाजले असतील. हद्द कुठली हे मोजणीवाल्याने विचारलं नाही आणि तात्यांनाही वाटलं नाही की हे सांगायची गोष्ट आहे. चहा पाजला. मोजणीवाला गेला. पुढे दोन वर्षं या दहा मिनिटांवर तात्या रोज बोलायचे. "मी काठी धरली," म्हणायचे. बाकी वाक्य पुरं करायचे नाहीत.

नकाशा आला. त्यात भूखंडाची हद्द म्हणजे 'विद्यमान कुंपण'. नऊ खोल्या हद्दीबाहेर, नाल्याच्या जागेत, म्हणून अनधिकृत. म्हणून अपात्र. म्हणून त्यांना नव्या इमारतीत घर नाही. मेन बिल्डिंगमधले आम्ही सगळे पात्र. तात्याही.

मी पत्रक काढलं. मथळा मोठा: 'कुंपणाबाहेरील नऊ खोल्यांना न्याय द्या.' तात्यांनी ते पायरीवर बसून वाचलं. पत्रक घडी करून वरच्या खिशात ठेवलं. मला वाटलं, या वेळी आवडलं.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी दोन बरण्या आणल्या होत्या, पिशवीत टॉवेलात गुंडाळून. आमचा नंबर आला.

"खोली?" साहेबांनी विचारलं.

"मेन बिल्डिंग, पहिला मजला, चौदा नंबर."

साहेबांनी यादी बघितली. "तुम्ही तर पात्र आहात."

"होय साहेब."

"मग कशासाठी आलात?"

"कुंपण मी घातलंय." तात्यांनी बरण्या टेबलावर ठेवल्या. "ही नाल्याकाठची माती. ही कुंपणाखालची. बघा, हिच्यात खांब धरत नाय. म्हणून मी अलीकडे घेतलं. हद्द तिकडं आहे, नाल्याला."

"हे काय आणलंय? फाइली आहेत इथं. उचला."

तात्यांनी एक बरणी उचलली. दुसरी तशीच ठेवून तिच्याकडे बोट करत म्हणाले, "साहेब, फक्त हलवून बघा. खाली काय बसतं ते बघा."

बिल्डरचे वकील तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. ते म्हणाले, "सर, मोजणी स्पष्ट आहे. शिवाय रहिवाशांच्या समितीलाही हे मान्य आहे." आणि माझं पत्रक काढून वाचलं. "'कुंपणाबाहेरील नऊ खोल्या.' कुंपणाबाहेरील, सर. त्यांचेच शब्द."

माझे शब्द. मी कोणाला दोष देऊ? ठळक टाइपात मीच छापून घेतले होते. तात्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते साहेबांना म्हणाले, "ते पोरीनं लिहिलंय. तिला माती कळत नाय. मला विचारा." आणि साहेब म्हणाले, तुम्ही बाधित नाही, उठा. ज्याचं घर जात नाही त्याला बोलायचा अधिकार नाही. ज्यांचं घर जातं त्यांना कुंपण अलीकडे का, ते सांगता येत नाही. हा कायदा कोणी केला मला माहीत नाही, पण तो करणाऱ्याने एकदाही हाताने खड्डा खणलेला नाही एवढं मी खात्रीने सांगते.

बाहेर बाकावर शेवंताक्का बसल्या होत्या. आता त्यांना अजिबातच ऐकू येत नाही, पण तात्यांचं तोंड बघून त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, "अर्जुना, तुझा खांब जरा वाकडा असता तर बरं झालं असतं रे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तात्यांनी मान हलवली. दोन्ही हातांत दोन बरण्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेचा आवाज आला. तात्या कुंपण उपटत होते. मी खाली गेले.

"तात्या, काय करताय?"

"नसलंच तर हद्द कशी म्हणतील?"

"नकाशा झालाय. आता उपटून काय होणार?"

"तू पत्रक लिही. मला हे कळतं, मी हे करतो."

खांब येईना. त्यांनीच तीन फूट काँक्रीटमध्ये बसवलेला, त्यांचीच कॉलर. दुपारपर्यंत त्यांनी एका खांबाभोवती खणलं, शर्ट चिंब झाला, चाळीतली माणसं गॅलरीत उभी राहून बघत होती. कोणी खाली आलं नाही. हे लिहायलाच हवं. आम्ही सगळे पात्र होतो, आणि पात्र माणूस सहीला जपतो. मीही कठड्याला टेकून उभी होते, मग लाज वाटून फावडं घेतलं, पण तोवर बिल्डरचा सुपरवायझर पोलीस घेऊन आला होता. तक्रार: हद्दीची निशाणी नष्ट करण्याचा प्रयत्न. हवालदार म्हणाला, "काका, कुंपण कोणाचं?" तात्या म्हणाले, "माझं." हवालदार म्हणाला, "मग तोडता कशाला?" तात्यांनी त्याला सगळं सांगितलं. माती, नाला, गाळ, पंचवीस फूट. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. सगळ्या प्रकरणात पूर्ण ऐकून घेणारा तो एकटा सरकारी माणूस. मग म्हणाला, "चौकीला चला."

संध्याकाळी सोडलं. खांब तसाच राहिला, बाजूला खड्डा घेऊन.

खोल्या पाडल्या तेव्हा शेवंताक्का सामानाच्या टेम्पोत पुढे बसल्या. कुठे तरी शहराच्या टोकाला भाड्याची खोली मिळाली होती भाच्याला. नऊपैकी सहा कुटुंबं विरार-बदलापूरकडे पांगली. दोघांचा पत्ता माझ्याकडे नाही. नऊ खोल्यांच्या भिंती पडायला जेसीबीला एक सकाळ पुरली. तात्यांनी ज्या भिंती वाचवल्या होत्या त्या. ते गॅलरीत आलेच नाहीत. दार लोटून आत बसून होते आणि त्यांच्या सुनेने मला दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, जेवत नाहीत, बोलत नाहीत. नवीन काम आलं तर नको म्हणून सांगतात. अलिबागहून फोन आला होता, म्हणाले, मला माती कळत नाही, दुसरा बघा.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्यानंतर आठवड्याभराने. बिल्डरची माणसं पाडलेल्या जागेभोवती पत्रे लावत होती. नाल्याच्या काठाने निळे उंच पत्रे, बांबूसारख्या बारीक पाईपांवर, फूटभर खोल रोवलेले. त्यांच्या पलीकडून नाल्याकाठच्या वाटेने शाळेची मुलं जातात. मी कामावरून येत होते. बघते तर तात्या तिथं. चपला काढलेल्या, पाय काळ्या गाळात घोट्यापर्यंत. हातात ओळंबा. एका बिहारी कामगाराला सांगत होते, "और नीचे. तीन फुट. और पीछे से टेका लगाओ, नहीं तो हवा में गिरेगा."

माझा तोल गेला. "तात्या, ह्यांचं काम करताय? ह्यांचं?"

त्यांनी मागे बघितलं नाही. दोरी स्थिर व्हायची वाट बघत होते. "पत्रा पडला तर पोरांवर पडेल," म्हणाले.

"पडू दे. त्यांच्यावर केस होईल."

यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग पुन्हा दोरीकडे वळले आणि कामगाराला म्हणाले, "थोडा बाएँ." मी निघून आले. त्यानंतर चार दिवसांनी ते गेले, दुपारी, खोलीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. ते पत्रे अजून उभे आहेत, जूनच्या वाऱ्यातही पडले नाहीत, आणि त्यांच्यामागे नऊ खोल्यांची जागा आता रस्त्यावरून दिसतही नाही.

सुनावणीनंतर आम्ही केलेलं अपील मात्र अजून निकालात निघालेलं नाही. नऊ कुटुंबांसाठी आमच्याकडे एकच गोष्ट कमी आहे: कुंपणाआधी पटांगण, कच्चा रस्ता आणि त्या खोल्या ही एकच सलग जागा होती, याचा पुरावा. तात्यांची तोंडी साक्ष होती, ती साहेबांनी ऐकली नाही. माझे शब्द बिल्डरच्या वकिलांनी आमच्याविरुद्ध वापरले. म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. तुम्ही परळ, लालबाग, भायखळ्याच्या या बाजूला वाढला असाल, आमच्या पटांगणात कोणाचं लग्न, बारसं, जयंती, क्रिकेटची मॅच, काहीही झालं असेल आणि तुमच्या घरच्या कोणी फोटो काढला असेल, तर तो शोधा. डोंबिवलीला असाल, विरारला असाल, दुबईला असाल. फोटोत तुमची माणसं पुढे असतील, त्यांच्याकडे बघू नका. मागे बघा. मागे नऊ दारं दिसतात का आणि मध्ये कुंपण नाही ना, एवढंच बघा. हळहळ नको, पैसे नकोत, माझं लिखाण पुढे पाठवणंही नको. ट्रंक उघडा, पोटमाळ्यावर चढा, आईला विचारा, आणि तो फोटो आमच्या समितीच्या टेबलावर आणून द्या. मूळ प्रत. या आठवड्यात.